गरम केलं की झालं? उरलेल्या लझानियाचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास

हा इतिहासाचाच पॉडकास्ट आहे, तुम्ही चुकून रेसिपीच्या चॅनलवर आलेला नाहीत. पण आजचा विषय आहे काल रात्रीचा उरलेला लझानिया. तो ठेवायचा कसा, गरम करायचा कसा, आणि मुख्य म्हणजे याबद्दल जे काही आज सांगितलं जातं ते माणसाला कळलं कसं. नेहमीप्रमाणे पूर्ण एपिसोड खाली लिहून देतोय, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.

ज्यांनी लझानिया फक्त गारफिल्ड मांजराच्या कॉमिकमध्ये पाहिलाय, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. पास्त्याच्या पातळ चौकोनी पट्ट्या, त्यावर खिम्याचा सॉस, त्यावर दूध आणि मैद्याचा पांढरा सॉस, त्यावर चीज, मग परत पट्ट्या. असे थर रचायचे आणि ट्रे ओव्हनमध्ये भाजायचा. पदार्थ जुना आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास नेपल्सच्या दरबारात तयार झालेल्या 'लिबेर दे कोकिना' या पाकपुस्तकात पिठाच्या पट्ट्या उकडून, चीज आणि मसाले घालून थर लावायची कृती आहे. टोमॅटो अर्थातच नाही, कारण तो अमेरिकेतून यायला अजून दोन शतकं होती.

लझानिया एकट्यासाठी कोणी करत नाही. ट्रेभर होतो आणि उरतो. मग आपण सगळे जे म्हणतो ते म्हणतो: ठेव रे बाजूला, उद्या गरम करून खाऊ. गरम केलं की झालं!

आज हेच वाक्य तपासूया. कारण हे वाक्य खरं की खोटं यावर युरोपात एकेकाळी जोरदार भांडण झालं होतं, आणि भांडणाच्या मध्यभागी होता उरलेला रस्सा.

दोन पाद्री आणि मटणाचा रस्सा

साल १७४८. जॉन नीडहॅम नावाचा एक इंग्लिश कॅथलिक पाद्री. त्याने मटणाचा गरम रस्सा बाटलीत भरला, बूच घट्ट लावलं, बाटली राखेत तापवली आणि ठेवून दिली. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रस्सा बारीक जीवांनी वळवळत होता. नीडहॅमचं म्हणणं असं की तापवल्यावर आतलं सगळं मेलं, बाहेरून काही शिरलं नाही, म्हणजे हे जीव रश्शातूनच आपोआप जन्मले. अन्नातच एक जीव निर्माण करणारी शक्ती असते!

आज हसू येतं, पण तेव्हा हा अगदी गंभीर सिद्धांत होता.

त्याला उत्तर दिलं लाझारो स्पालान्झानी याने. हाही पाद्रीच, आणि गंमत म्हणजे हा लझानियाच्या मुलखातला, उत्तर इटलीतल्या एमिलिया भागातला. जन्म स्कान्दियानोचा, शिक्षण बोलोन्याचं. बोलोन्या विद्यापीठात त्याची नातेवाईक लाउरा बासी भौतिकशास्त्राची प्राध्यापक होती. त्या काळात एक बाई प्राध्यापक, हा खरं तर वेगळ्या एपिसोडचा विषय. कायद्याचा अभ्यास सोडून स्पालान्झानी विज्ञानाकडे वळला त्यात तिचा मोठा वाटा.

स्पालान्झानीने बूच वगैरे भानगड ठेवली नाही. काचेच्या बाटलीची मानच वितळवून बंद केली आणि वेगवेगळ्या बाटल्या वेगवेगळा वेळ उकळल्या. १७६५ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. तासभर उकळलेल्या बंद बाटल्यांत काही दिसलं नाही. थोडाच वेळ उकळलेल्या बाटल्यांत मात्र जीव सापडले.

इथे थांबा जरा. लोक या प्रयोगातून एवढंच लक्षात ठेवतात की जीव आपोआप जन्मत नाहीत. पण आपल्या ट्रेसाठी दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. उकळूनही काही जीव मरत नाहीत. काही जण जास्त चिवट असतात. का, ते स्पालान्झानीला सांगता आलं नाही. त्यासाठी आणखी शंभर वर्षं लागली.

गवताची पेंढी आणि झोपलेले बीजाणू

१८६० च्या सुमारास लुई पाश्चर याने आपल्या वाकड्या मानेच्या बाटल्यांनी हा वाद जवळपास संपवला. पण १८७६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल हैराण झाला होता. आधी जे अर्क पाच मिनिटं उकळून निर्जंतुक व्हायचे, तेच आता होईनात. संशय गेला प्रयोगशाळेत आणलेल्या जुन्या वाळलेल्या गवतावर. त्या गवतातून आलेलं काहीतरी कित्येक तास उकळूनही जिवंत राहत होतं.

त्याच वर्षी ब्रेस्लाउमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, फर्डिनांड कोन याने कोडं सोडवलं. गवतात सापडणारा बॅसिलस हा जीवाणू अडचणीत आला की स्वतःभोवती जाड कवच करून झोपी जातो. या झोपलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. बीजाणूला पाणी नको, अन्न नको, आणि उकळत्या पाण्याचंही त्याला फारसं काही वाटत नाही. परिस्थिती सुधारली की तो उठतो आणि कामाला लागतो.

टिंडलने यावर शक्कल लढवली. एकदम तासन् तास उकळत बसण्याऐवजी थोडं उकळायचं, मग थांबायचं. थांबलेल्या वेळात बीजाणू जागे होतात, कवच सोडतात. आता ते साधे जीवाणू झाले, मग परत उकळायचं, मेले. असं दोन-तीन दिवस. १८७७ ची ही पद्धत आजही 'टिंडलायझेशन' म्हणून ओळखली जाते.

आता हेच आपल्या किचनमध्ये लावून बघा. लझानिया ओव्हनमधून निघाला. साधे जीवाणू सगळे मेले, बीजाणू राहिले. उलट शिजवण्याच्या उष्णतेने त्यांना जागं व्हायला मदतच झाली, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी तर आपणच मारून ठेवलेत. ट्रे ओट्यावर गार होतोय, आत कोमट, ओलसर, भरपूर खायला. टिंडल थांबायचा तो त्यांना जागं करून मारण्यासाठी. आपण थांबतो ते त्यांना जागं करून जेवायला वाढण्यासाठी!

पुढचा इतिहास मी थरांप्रमाणे सांगतो. लझानियाच्या प्रत्येक थराची एक केस फाइल आहे.

पहिला थर: खिमा

दुसऱ्या महायुद्धानंतरचं ब्रिटन. शाळा, हॉस्पिटलं, कॅन्टीन, सगळीकडे सामुदायिक स्वयंपाक. मटण आदल्या दिवशी मोठ्या भांड्यात शिजवायचं, रात्रभर गार होऊ द्यायचं, दुसऱ्या दिवशी गरम करून वाढायचं. आणि मग शेकडो लोकांना एकदम पोटदुखी आणि जुलाब.

बेटी हॉब्ज या जीवाणूशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की यामागे क्लॉस्ट्रिडियम वेल्शी आहे. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स म्हणतात. त्याचे बीजाणू शिजवण्यातून वाचतात, आणि त्याला ऑक्सिजन नको असतो. शिजवताना हवा निघून गेलेला जाड मांसाचा गाभा म्हणजे त्याच्यासाठी तयार घर.

त्याचा वेग ऐका. ४३ ते ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास हा साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो. आपण १२ मिनिटं धरू. दोन तासांत १० वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १,०२४. चार तासांत १० लाखांच्या वर. कोड लिहिणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल, दोनचा विसावा घात. सुरुवातीला थोडा वेळ तो आळस देत असतो हे खरं, पण एकदा सुरू झाला की ओट्यावरची एक रात्र पुरते.

यातली बरी बातमी अशी की जागे झालेले हे जीवाणू नीट गरम केल्यावर मरतात. त्यांचं विष बहुतेक आपल्या पोटात गेल्यावर तयार होतं. म्हणजे इथे 'गरम केलं की झालं' बऱ्यापैकी चालतं, फक्त गरम म्हणजे मधोमध वाफाळतं, वरवर कोमट नाही.

दुसरा थर: पांढरा सॉस

ऑस्लो, १९४७ ते १९४९. नॉर्वेच्या या राजधानीत अन्नबाधेचे काही प्रकार झाले, हॉस्पिटलमध्येसुद्धा, आणि सुमारे ६०० लोक आजारी पडले. संशयित होता व्हॅनिला सॉस. दूध आणि कॉर्नस्टार्च. आदल्या दिवशी करून मोठ्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला ठेवलेला.

स्टाइनार हाउगे या शास्त्रज्ञाला त्यात बॅसिलस सेरियस सापडला, आणि त्याचे बीजाणू कॉर्नस्टार्चमध्येही मिळाले. पण हा जीवाणू तेव्हा निरुपद्रवी समजला जायचा. सगळीकडेच असतो, मातीत, धान्यात. कोण विश्वास ठेवणार? मग हाउगेने काय केलं, सॉसमध्ये तो जीवाणू मुद्दाम वाढवला आणि त्यातला २०० मिलिलिटर सॉस स्वतः प्यायला. साधारण १३ तासांनी पोटात जोरदार कळा आणि जुलाब सुरू झाले. पुरावा मिळाला.

आपल्या लझानियातला पांढरा सॉस म्हणजे दूध आणि मैदा. व्हॅनिला आणि साखर सोडली तर तीच गोष्ट. म्हणून 'आमचा व्हेज आहे, काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनी ऑस्लो लक्षात ठेवावं.

तिसरा थर: पास्ता

आता सगळ्यात गंभीर फाइल. याच बॅसिलस सेरियसच्या काही जाती अन्नातच एक विष तयार करून ठेवतात. त्याचं नाव सेरेउलाइड. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चायनीज रेस्टॉरंटांत फ्राइड राइस खाऊन लोकांना तासा-दोन तासांत उलट्या व्हायच्या, तेव्हा हा प्रकार लक्षात आला. भात मोठ्या प्रमाणात शिजवून बाहेरच ठेवायचे, कारण फ्रिजमध्ये त्याचे गोळे होतात, आणि ऑर्डर आली की पटकन परतायचे. आपल्या फोडणीच्या भाताचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आलं ना? फोडणीत काही दोष नाही. दोष आहे तो रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पातेल्यात.

सेरेउलाइडची ताकद अशी की १२१ अंश सेल्सिअसला ९० मिनिटं ठेवलं तरी ते टिकतं. म्हणजे प्रेशर कुकरही त्याला हरवू शकत नाही, मग दोन मिनिटांचा मायक्रोवेव्ह काय करणार?

ब्रुसेल्स, २००८. वीस वर्षांचा एक विद्यार्थी. घरात टोमॅटो सॉसची स्पॅगेटी पाच दिवसांपूर्वी केलेली आणि तेव्हापासून किचनमध्ये बाहेरच ठेवलेली. त्याने ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खाल्ली. अर्ध्या तासात डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ, मग उलट्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो गेला होता. यकृत निकामी झालं होतं. तपासणीत स्पॅगेटीमध्ये बॅसिलस सेरियस प्रचंड प्रमाणात सापडला, सॉसमध्ये नाही. २०११ मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

असे मृत्यू फार दुर्मीळ आहेत, हे स्पष्ट सांगतो. उगाच घाबरवायचं नाहीये. पण त्या मुलाने आपल्यापैकी कोणीही करेल तेच केलं होतं. गरम करून खाल्लं.

फ्रिज आहे की नुसतं कपाट?

'पण आम्ही तर फ्रिजमध्ये ठेवतो!' बरोबर. घरगुती विजेचा फ्रिज ही जेमतेम शंभर वर्षांची गोष्ट आहे. १९१३ मध्ये शिकागोत 'डोमेल्र' नावाचं यंत्र आलं, ते बर्फाच्या पेटीवर बसवायचं. १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचा 'मॉनिटर टॉप' आला आणि अमेरिकन घरांत फ्रिज रुळायला लागला. भारतात गोदरेजने फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये.

बर्फाच्या पेटीत गरम भांडं ठेवलं तर बर्फ वितळायचा, त्यामुळे आधी पूर्ण गार करणं भागच होतं. आजच्या फ्रिजला ती अडचण नाही. पण गरम ट्रे तासन् तास बाहेर ठेवायची सवय अजून गेलेली नाही.

आणि फ्रिज म्हणजे जादूचं कपाटही नाही. २००३ मध्ये बेल्जियममध्येच एका कुटुंबातली पाच मुलं पास्ता सॅलड खाऊन आजारी पडली आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. सॅलड शुक्रवारी केलेलं, शनिवारी पिकनिकला नेलेलं, उरलेलं सोमवारी खाल्लेलं. मधल्या काळात ते फ्रिजमध्येच होतं. त्या फ्रिजचं तापमान मोजलं तेव्हा निघालं १४ अंश. असायला हवं ४ ते ५.

आपल्याकडे शेअरिंग फ्लॅटमधला फ्रिज आठवा. तीन जणांचे डबे कोंबलेले, दार नीट लागत नाही, वर लोडशेडिंग. साधा फ्रिज थर्मामीटर घ्या आणि आत ठेवा. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

रडारमधून आलेलं गरम जेवण

राहिला मायक्रोवेव्ह. १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी युद्धातल्या रडारसाठी मॅग्नेट्रॉन बनवला. अमेरिकेत रेथिऑन कंपनीत त्यावर काम करताना पर्सी स्पेन्सर याच्या खिशातला खाऊ वितळला, अशी प्रसिद्ध गोष्ट आहे. त्याने १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ चा पहिला 'रडारेंज' माणसाएवढा उंच होता. ओट्यावर मावणारा, ४९५ डॉलरचा अमाना कंपनीचा ओव्हन आला १९६७ मध्ये.

यातल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या जुन्या वायफायच्याच पट्ट्यातल्या. लांबी साधारण १२ सेंटिमीटर. बंद पेटीत त्या आपटून काही जागी जोर वाढवतात, काही जागी एकमेकींना मारतात. म्हणून एक घास जीभ भाजणारा आणि शेजारचा थंड. तबकडी फिरते ती यासाठीच. शिवाय या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच नीट शिरतात. लझानियाचा जाड तुकडा मधोमध गरम होतो तो कडेची उष्णता हळूहळू आत सरकल्यामुळे. आमटी ढवळता येते, लझानिया ढवळला तर त्याचा लगदा होतो.

मग करायचं काय?

इतिहास ऐकलात, आता त्यातून निघालेले नियम.

जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत लझानिया फ्रिजमध्ये. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे, तर एका तासात. अख्खा ट्रे ठेवू नका. तुकडे करून उथळ डब्यांत एका थरात पसरा. पदार्थाची जाडी निम्मी केली की आतली उष्णता बाहेर पडायला साधारण एक चतुर्थांश वेळ लागतो. सगळ्या एपिसोडमधली ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे. डबा कोमट असला तरी चालेल, आत ठेवा, भोवती हवा फिरायला जागा सोडा.

स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी फॉइलला बारीक भोकं आणि लझानियावर राखाडी ठिपके दिसतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट-आंबट टोमॅटो, म्हणजे झाली बॅटरी! याला खरंच 'लझानिया सेल' म्हणतात. दोन धातूंच्या या खेळाची सुरुवात लुइजी गाल्व्हानी याच्या बेडकाच्या पायांवरच्या प्रयोगांतून झाली, तीही बोलोन्यातच, हा निव्वळ योगायोग. झाकणाचा काचेचा डबा वापरा, प्रश्न मिटला.

फ्रिजमध्ये तीन ते चार दिवस. डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, आणि खायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा.

गरम करताना मधोमध ७४ अंश व्हायला हवेत. ओव्हन असेल तर झाकून. मायक्रोवेव्ह असेल तर तुकडा लहान करा, चमचाभर पाणी शिंपडा, झाका, मध्यम पॉवरवर जास्त वेळ ठेवा, मध्ये एकदा तुकडा फिरवा, आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं तसाच राहू द्या. त्या दोन मिनिटांत उष्णता आत पोचते. जेवढा खायचाय तेवढाच गरम करा. परत गार, परत गरम असं चक्र नको.

आणि वास घेऊन ठरवू नका. ज्या जीवाणूंच्या फाइली आज उघडल्या, ते अन्नाला वास, रंग, चव यातलं काही न बदलता वाढू शकतात. रात्रभर बाहेर राहिला असेल तर टाकून द्या. अन्न टाकताना जीव तुटतो, घरी आपल्याला तसंच शिकवलंय. म्हणूनच ते रात्री झोपण्याआधी डब्यात भरायचं.

तर मंडळी, 'गरम केलं की झालं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. गरम केल्याने जिवंत जीवाणू मरतात. मधल्या तासांत त्यांनी जे विष करून ठेवलं ते राहतं, आणि बीजाणूही राहतात. तुमचं पोट कसं राहणार, हे बरंचसं ओव्हन बंद झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठरतं.

हा एपिसोड तुमच्या रूममेटला पाठवा, विशेषतः ज्याचा डबा गेल्या आठवड्यापासून मागच्या कप्प्यात आहे त्याला. भेटू पुढच्या भागात!